कोण येत नाही त्याची वही : वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी, ऑगस्ट २०२४ ते एप्रिल २०२५

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवल्यात. वाचनालय जालना जिल्ह्यात, परतूर-मंठा पट्ट्यातल्या गावात, क वर्गाचं, दोन खोल्या, ग्रंथपाल म्हणून मी आणि एक शिपाई दादा. महिना झाला गावात एकच गडबड चालूय, लाडकी बहीणचे फॉर्म. आमच्याकडं नेट बरं चालतं आणि मला मराठी टायपिंग येतं म्हणून बाया इकडंच यायल्यात, आणि या चार-आठ दिवसांत मी ह्या खोलीत जेवढ्या बाया बघितल्या तेवढ्या नोकरी लागल्यापासून बघितल्या नव्हत्या. हमीपत्रावर सही लागते. काहीजणी सही करतात पण वर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, काहीजणींचा सरळ अंगठा.

एक मावशी चप्पल हातात घेऊन दारातच थांबल्या, म्हणल्या "बाई, आत यायला पैसे लागतेत का?" घर वाचनालयाच्या मागच्या गल्लीत. नाही लागत मावशी, इथं बसून पेपर-मासिकं कुणीबी वाचावीत, पुस्तक घरी न्यायचं तरच वर्गणी. त्यांना हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर बोर्डावर 'सर्वांसाठी खुले' असं लिहिलंय, पण वाचता न येणाऱ्या माणसाला बोर्ड काय सांगणार.

आमच्या देवघेव रजिस्टरात कोण आलं ते सगळं असतं, तारीख, दाखल नंबर, सही. कोण आलं नाही ते कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून एक दोनशे पानी वही आणली, तिच्यात फक्त न येणारे लोक लिहायचे, आणि ते का येत नाहीत ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहायचं. मग एकेक अडचण घेऊन ती काढता येते का बघायचं. प्रकल्प म्हणजे एवढाच.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. हार घातला, आणि कार्यकारिणीची बैठक मुद्दाम आजच लावून घेतली. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं १९३१ ची, त्यातलं दुसरं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक', ते वाचून दाखवलं आणि लगेच वहीची पहिली पानं वाचली. एक सदस्य म्हणले, "दार तर उघडंच आहे की, आपण कुणाला नको म्हणलंय?" खरंय, कुणी नको म्हणलेलं नाही. पण आपला सभासदत्वाचा फॉर्म बघा म्हणलं. त्यावर जामीन म्हणून एका जुन्या सभासदाची सही लागते. तांड्यावर एकही सभासद नाही, मग तांड्यावरच्या माणसाला जामीन कोण राहणार? ज्याच्या शेतात तो कामाला जातो त्याच्याकडं जाऊन सही मागायची, ते पण कशाला तर पुस्तक वाचायला? कोण मागंल? मी तरी मागितली नसती.

नियम वाईट हेतूनं केलेला नाही, पुस्तकं बुडू नयेत म्हणून जुन्या मंडळींनी केला होता. एक ज्येष्ठ म्हणले जामीन काढला तर पुस्तकं परत यायची नाहीत. मी थकीत पुस्तकांचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. त्यातले सगळेच्या सगळे जामीन असलेले सभासद आहेत, त्यामुळं जामिनानं पुस्तक परत येतं हे काही त्या रजिस्टरवरून दिसत नाही. तासभर बोलणं झालं, आवाज पण चढले, शेवटी ठरलं की एक वर्ष जामीन बंद, रेशन कार्ड नाहीतर शाळेच्या बोनाफाईडची झेरॉक्स पुरे, अनामत तीन हप्त्यांत. ठराव लिहून सह्या घेतल्या. लेखी असलेलं बरं, उद्या मंडळ बदललं तर तोंडी बोलणं कुणी मानत नाही.

२६ ऑगस्ट

वहीत बायांची पानं भरायलीत. वेळ हे सगळ्यात मोठं कारण. आम्ही सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडं ठेवतो, म्हणजे सकाळी त्या निंदणीला गेलेल्या आणि संध्याकाळी चुलीपुढं. आणि संध्याकाळी दाराशीच पेपरचं टेबल, तिथं आठ-दहा बाप्ये बसलेले, त्यांच्यामधून वाट काढत कपाटापर्यंत जायचं. एक सून म्हणली, "तिथं सासऱ्याच्या वयाचे लोकं असतेत, पदर सावरू का पुस्तक बघू". ती बारावी झालेली आहे, कादंबऱ्या वाचायची लई हौस, माहेरी वाचायची.

मंगळवारी गावचा बाजार. बाजाराला बाया येतातच आणि दुपारी ऊन कलेपर्यंत सावलीला बसतात. तर आता मंगळवारी दुपारी १ ते ३ व्हरांड्यात टेबल टाकून देवघेव करायची आणि पेपरचं टेबल आतल्या खोलीत न्यायचं. बचत गटाची बैठक असली की पिशवीत पंधरा-वीस पुस्तकं घेऊन मीच जायचं. याला पैसा लागत नाही, फक्त माझी वेळ बदलते, तेवढं अध्यक्षांनी तोंडी मान्य केलंय.

४ सप्टेंबर

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून पावसानं झोडपलं. खालच्या फळीवरचा बालविभाग ओला झाला, दोन दिवस दोऱ्या बांधून पुस्तकं वाळवली. तांड्याचा रस्ता ओढ्यामुळं बंद आहे. पिकाचं ज्याच्या त्याच्या नशिबी आलं, कुणाला वाचनाचं बोलायची ही वेळ नाही, म्हणून पंचनाम्याचे अर्ज लिहून द्यायचं काम केलं. सोयाबीन गेलं म्हणून सांगताना माणसं गप होत होती, मी पण गपच लिहीत होते.

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन

झेंडावंदन झाल्यावर एक चाचा आले. वय ऐंशीच्या पुढं, मोमीनपुऱ्यातले, पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशात चष्मा. जवळच राहतात पण आत आलेले मी कधी पाहिले नव्हते, वहीत त्यांचं नाव होतं. मी बोलवून आणलं होतं आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बेटा, इसमें उर्दू का कुछ है क्या?" नव्हतं. एक पुस्तक नव्हतं. गल्लीतली निम्मी लेकरं जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकतात, ती आमच्याकडं आली तर त्यांना द्यायला काहीच नाही, आणि आम्ही म्हणत राहतो त्या वस्तीत वाचनाची आवड नाही.

आजच्या दिवशी हे जास्तच लागलं. निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूतून, उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते पण उर्दू माध्यमाचं, आणि सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ या सरकारी हुकमामुळं आधी परवानगी काढावी लागायची. तसल्या काळात मराठवाड्यात गावोगाव लोकांनी वर्गणी काढून मराठी वाचनालयं उभी केली, परभणीचं गणेश वाचनालय तर १९०१ चं. आपल्या भाषेतलं पुस्तक हाताला लागत नाही म्हणजे काय होतं हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलंय. मग आज आपल्याच गावातल्या लेकराला त्याच्या शाळेच्या भाषेतलं एक गोष्टीचं पुस्तक आपण ठेवू नये, हे मला पटत नाही. उर्दू काही त्या राजवटीची मालकी नव्हती. वली आणि सिराज हे औरंगाबादचे शायर, तीनशे वर्षांमागं ते याच मातीत लिहीत होते, आणि चाचा घरात जी दखनी बोलतात तिच्यात निम्मे शब्द आपले असतात.

पुढच्या खरेदीत उर्दूचं एक कपाट धरायचं. व्यवहाराच्या अडचणी आत्ताच लिहून ठेवते. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, तर ते मराठी पुस्तकांसारखं लावलं की दर्शनी बाजू मागं जाते, म्हणून वेगळी फळी आणि लेबल दुसऱ्या बाजूला. दाखल रजिस्टर मराठी, तर नाव देवनागरीत मी लिहीन आणि शेजारी उर्दूत चाचा लिहितील. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे.

अजून एक झालं. बसलेल्यांपैकी एका शेतकऱ्यानं चाचांना उर्दू येतं म्हणल्यावर घरी जाऊन पणजोबाच्या काळचे जमिनीचे कागद आणले. गेल्या वर्षीपासून कुणबी नोंदी शोधायला लोक असे उर्दू आणि मोडी कागद घेऊन तालुक्याला चकरा मारायलेत. चाचांनी भिंग लावून दोन कागद वाचून दाखवले, सर्व्हे नंबर, नावं, शेतसारा, आणि तो शेतकरी शेजारी बसून वहीत उतरवून घेत होता. आता दर शुक्रवारी नमाजनंतर चाचा तासभर येणार. ज्याला कागद वाचून घ्यायचाय त्यानं यावं, असा फळा लिहून लावलाय.

५ ऑक्टोबर

परवा मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेपरच्या टेबलावर सकाळपासून तीच चर्चा. मला आनंद आहेच.

पण आजचं काम कपाटाचं. आमच्याकडं एका कपाटावर 'दलित साहित्य' अशी पट्टी आहे. त्यात कादंबऱ्या आहेत, कविता, आत्मकथनं, बाबासाहेबांचे ग्रंथ, सगळं एकत्र. समाजमंदिराकडच्या वस्तीतला एक पोरगा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्यानं विचारलं, "मॅडम, कादंबरी असंल तर कादंबरीच्या कपाटात का नाही? बाकीच्यांच्या कपाटावर त्यांची जात लिहिलीय का?" त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. दुसऱ्या बाजूनं त्याच वस्तीतले एक गुरुजी म्हणले की पट्टी काढू नका, लोक १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला येऊन थेट त्याच कपाटापुढं उभे राहतात, ते आमचं वाटतं, एवढ्या पुस्तकांत पांगलं तर सापडणार नाही. दोघांचं पण खरं आहे.

हा पेच काही आपल्याच गावचा नाही. जगभर चालणारं ड्यूईचं दशांश वर्गीकरण १८७६ चं, त्यात धर्माला २०० चा गट दिलाय आणि त्यातला २२० ते २८० पर्यंतचा सगळा पट्टा ख्रिस्ती धर्माला, बाकी सगळ्या जगाचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीनं, हिंदू २९४.५ आणि इस्लाम २९७. म्हणजे कपाट लावणारा जिथं उभा असतो तिथून त्याला जे जवळचं त्याला जागा जास्त. आपण पण कुठंतरी उभे राहूनच पट्ट्या लिहिल्यात.

ठरलं असं की कादंबरी कादंबरीत, कविता कवितेत, आत्मचरित्र आत्मचरित्रात. बाबासाहेबांचे ग्रंथ आणि फुले-आंबेडकरी विचाराचं वैचारिक लेखन आहे तिथंच, पट्टी बदलून. आणि गुरुजींसाठी एक यादी करून कपाटाच्या दारावर चिकटवायची, कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर ते. ज्यांच्या दोन प्रती आहेत त्यांची एकेक प्रत दोन्हीकडं. मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तो १८५५ ला छापून आला, शाळकरी वय होतं तिचं. तो निबंध आमच्याकडं जुन्या पट्टीच्या कपाटात तळाला होता, तो आता बालविभागात पण ठेवलाय, कारण तिच्या वयाच्या मुलींनी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

१५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन

शाळेत कार्यक्रम झाला. दुपारी निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली. म्हणजे रॅम्पचं काम लटकलं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातून रॅम्प बसवायचं सरपंचांनी मान्य केलं होतं, आता नोव्हेंबर संपेपर्यंत काही हलणार नाही. थांबायचं.

६ नोव्हेंबर

आज पेटी गेली. याची नोंद नीट करते.

दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी तांडा रिकामा होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक-ट्रॅक्टर येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि सोबत लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात, काही टोळ्या कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत. शाळेत हंगामी वसतिगृह असतं, आजी-आजोबा असले तर लेकरं मागं राहतात, पण लहानग्याला सांभाळायला म्हणून मोठ्या बहिणीला नेतातच. माझ्या वहीत तांड्यावरच्या पानांवर सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण हेच, "आम्ही इथं असतोच कुठं". जे लोक वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात त्यांच्यासाठी गावात कितीबी चांगलं वाचनालय केलं तरी त्यांना त्याचा काय उपयोग. तर वाचनालयाचा एक तुकडा त्यांच्यासोबत जायला पाहिजे.

कल्पना जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला बोलावले आणि त्यानंतर तिथून लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायला लागले, गावाला वाहतुकीचा खर्च नाही. तमिळनाडूत मन्नारगुडीला १९३१ मध्ये बैलगाडीतून फिरतं वाचनालय निघालं होतं. आपण ट्रॅक्टरमधून पाठवू.

पत्र्याची पेटी घेतली, कुलूप न लावणारी, कारण कुलूप लावलं की किल्लीवाला मालक होतो. आत साठेक पुस्तकं. निवडताना लई विचार केला. तिथं कोप्यांमध्ये राहणं, उजेड म्हणजे बॅटरीचा दिवा, माणसं पहाटे तीन-चारला उठून फडात जातात आणि गाडी भरेपर्यंत परत नाहीत, म्हणजे वाचणार ती लेकरंच, आणि मोठ्यांनी वाचायचं तर पाच-दहा मिनिटं. म्हणून मोठी जाड पुस्तकं नाहीत. चित्रांची, पानावर दोन-तीन ओळींची, मोठ्या अक्षरांची. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर प्रथम बुक्सनं मोकळ्या परवान्यात ठेवलेल्या मराठी गोष्टी आहेत, त्या कुणीबी उतरवून छापू शकतं, त्या छापून लॅमिनेशन केल्या, कारण दव, चिखल आणि उसाचा चिकट हात. मोठ्यांसाठी उल्लास या सरकारच्या प्रौढ साक्षरता योजनेची पुस्तिका, दोन मासिकं, मजुरांच्या हक्काची माहिती, आणि एक साधी गणिताची वही, टनाचा हिशोब स्वतः मांडता यावा म्हणून. ही वही एका बाईनं मागितली. म्हणली मुकादम सांगंल तेवढी फेड झाली असं धरायचं, आमच्याकडं लिहिलेलं काही नसतंय.

पेटी कुणाकडं द्यायची यावर तांड्याच्या नायकाशी आणि कारभाऱ्याशी बोलले. टोळीत एक नवी सून आहे, बारावी झालेली, ती पेटी सांभाळते म्हणली. नोंदीला एक कागद, त्यावर प्रत्येक पुस्तकाचं छोटं चित्र, नेलं की चित्राखाली टिकली, म्हणजे अक्षर न येणारं लेकरू पण नोंद करू शकतं. दंड नाही. फाटलं तर फाटलं, हरवलं तर सांगा फक्त. याचा ठराव आधीच घेतलाय, ही पुस्तकं झीज म्हणून धरायची.

ट्रॅक्टर निघताना पेटी भांड्यांच्या पोत्यावर ठेवली होती. तिच्यावर दोन पोरं लगेच बसली.

१ डिसेंबर

फडावरून व्हॉट्सअॅपला फोटो आले. शेजारच्या कोप्या बीडकडच्या टोळीच्या आहेत, त्यांची लेकरं पण पेटीवर यायलीत. सून म्हणते, "बाई, पुस्तकं कमी पडायलेत, आणि मोठ्या पोरींना गोष्टींच्या पेक्षा दहावीचं गाईड पाहिजे." गाईड पाठवायची सोय केली, रेशनचा टेम्पो जातो त्याच्याबरोबर. मतदानाला टोळीतले बरेच लोक येऊ शकले नाहीत, हे पण ती बोलता बोलता म्हणली.

४ जानेवारी २०२५, ब्रेल दिन

लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ चा. आमच्या गावातला एक पोरगा जन्मापासून दृष्टिहीन, तालुक्याच्या कॉलेजात बीए पहिल्या वर्षाला. त्याला ब्रेल येतं, निवासी शाळेत शिकला, पण ब्रेलचा एकेक ग्रंथ एवढा जाड की आमच्या दोन खोल्यांत चार बसतील. तो फोनवरच सगळं करतो, स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक लावून, आणि त्याचा वेग एवढा की बाजूला बसलेल्याला शब्द कळत नाहीत.

सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाईन ग्रंथालय आहे, ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडून आज त्याची नोंदणी केली. मराठी पुस्तकं तिथं आहेत पण त्याच्या अभ्यासक्रमातली सगळी नाहीत. मग ती आपणच करायची. कायद्याची भीती काही जणांना होती, ती नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर वाचता येईल अशा रूपात प्रत करायला मुभा आहे, आणि याच कामासाठीचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ ला झाला तो मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. अकरावीच्या तीन मुली धडे वाचून रेकॉर्ड करायला तयार झाल्यात. पहिला धडा त्यानं ऐकून सांगितलं की हळू वाचू नका, जरा पळवा, आणि पान नंबर सांगत जा, नाहीतर परत त्या जागी येता येत नाही. ऐकून वाचणाऱ्याला काय लागतं ते त्यालाच माहीत, आता रेकॉर्डिंग कसं करायचं ते तोच ठरवणार.

२२ जानेवारी

रॅम्पचं काम लागलं. जोतं दीड फूट उंच, तीन पायऱ्या. मिस्त्रीनं सहा फूट लांबीची आखणी केलेली होती, "मॅडम, मोटारसायकल तर आरामात चढती." मोटारसायकलला इंजिन असतं दादा, व्हीलचेअर हातानं ढकलायची असते. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असं माप आहे, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. एवढी जागा सरळ रेषेत नाही, पुढं रस्ता. मग भिंतीकडेनं नऊ फूट, मधी वळायला सपाट चौक, परत नऊ फूट, आणि दोन्ही बाजूनं कठडा. सरपंच म्हणले खर्च वाढतोय. बसून हिशोब केला, सहा फुटी रॅम्प बांधून तो कुणालाच वापरता आला नाही तर ते सगळेच पैसे वाया, आणि गावात अशी पडीक रॅम्पं आपण बघितलेलीच आहेत. पटलं त्यांना. दार पण तीन फूट करून घेतोय.

गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांनी काम चालू असतानाच चौकशी लावलीय कधी होणार म्हणून. वहीत त्यांच्यातल्या कुणीच पायऱ्यांचं कारण सांगितलं नव्हतं, सगळे म्हणले होते "आता वाचून काय करायचं".

१५ फेब्रुवारी, सेवालाल महाराज जयंती

टोळीवाले बाहेर, पण तांड्यावर जयंती झाली, झेंडा, भोग, भजन. मी दुपारी गेले. मागं राहिलेली लेकरं आणि आज्या यांच्यासोबत डिसेंबरपासून एक काम चालू होतं, ते आज सगळ्यांना वाचून दाखवलं. लेकरू पहिलीत जातं तेव्हा घरात गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, आणि शाळेत मराठी, त्याला बाईंचं बोलणंच कळत नाही, गप बसतं, आणि मग ते मठ्ठ आहे असं ठरतं. माझ्या समोर असं झालेलं मी बघितलंय. तर आज्यांनी त्यांच्या गोष्टी सांगितल्या, लेकरांनी चित्रं काढली, आणि कॉलेजात जाणाऱ्या तांड्यावरच्या दोघांनी त्या गोरबोलीत, देवनागरीत टाईप केल्या, खाली मराठी. चार छोटी पुस्तकं झाली, पिना मारून.

टाईप करताना दोघांची भांडणं झाली, एकजण म्हणतो आपल्याकडं असं म्हणतात, दुसऱ्याची आई दुसऱ्या तांड्यावरची, ती वेगळं म्हणते. मी म्हणलं दोन्ही छापा. त्यांचं त्यांनी ठरवावं, मी मधी पडले नाही.

पुस्तकांना दाखल नंबर दिले, रीतसर, बाकीच्या पुस्तकांसारखे. एका आजीनं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ये मार नाम कत?" सांगणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर आहे, मी बोट ठेवून दाखवलं. ती त्या ओळीवरून बोट फिरवत बसली बराच वेळ.

७ मार्च

रमजान चालूय. मोमीनपुऱ्यातल्या मुलींसाठी वेळ बदलून सकाळी ९ ते १० केली. उर्दूचं कपाट लागलं, अर्धंच भरलंय. मुलींनी पहिल्या दिवशी सगळी गोष्टीची पुस्तकं नेली, आणि दोघीजणी मराठी कादंबरी पण घेऊन गेल्या.

२५ मार्च

दोन गोष्टी एकदम.

उल्लासची परीक्षा झाली, वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून १५० गुणांचा पेपर. ऑगस्टमध्ये अंगठा लावून फॉर्म भरलेल्या काही बाया त्यात बसल्या. मंगळवारच्या टेबलावर आधी सही, मग बँकेचं पासबुक, मग एसटीच्या पाट्या, मग पेपरातले मोठे मथळे असं करत शिकल्या. माझा अनुभव असा की मोठ्या माणसाला 'अ अननसाचा' पासून सुरुवात करायला लावू नये, त्यांना राग येतो आणि तो बरोबर आहे. नाव, गाव, रक्कम, तारीख, जे त्यांना उद्या सकाळी लागणार आहे तिथून सुरुवात. दारात चप्पल हातात घेऊन थांबलेल्या मावशी पण परीक्षेला होत्या. पेपर अवघड गेला म्हणल्या, गणित सोपं होतं, हिशोब त्यांना आधीपासून येतोच.

आणि टोळी आली. यंदा हंगाम लवकर आटोपला. पेटीतली काही पुस्तकं नाहीत, काहींची पानं करपलेली, लॅमिनेशनवाली सगळी शाबूत. टिकल्यांचा कागद दोन्ही बाजूनं भरलाय. गणिताच्या वहीत टनाचा हिशोब मांडलेला आहे, खाडाखोड करून, तारखेवार. मी तो बघितला आणि परत तिच्याच हातात दिला, ती तिची वही आहे. सून म्हणते पुढच्या वर्षी दोन पेट्या द्या, एक लेकरांची आणि एक नुसती मोठ्या पोरींची, आणि दुसरीला कुलूप पाहिजे कारण त्यातली आरोग्याची माहिती पोरींना चारचौघांत काढता येत नाही. कुलपाबद्दलचं माझं म्हणणं बाजूला, तिला तिथलं जास्त कळतं.

१२ एप्रिल

वार्षिक बैठकीची तयारी. ठरावांचा मसुदा केला. जामिनाची अट कायमची काढायची. पेटी, मंगळवारचं टेबल, शुक्रवारचं उर्दू-वाचन हे 'उपक्रम' म्हणून कार्यक्रमाच्या खर्चात न धरता नियमित सेवेत धरायचं, म्हणजे मी नसले तरी चालू राहील. फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात स्त्री-पुरुषाच्या पुढं तिसरी जागा आणि 'सांगायचं नाही' अशी पण एक जागा. कार्यकारिणीत तांड्यावरून एक आणि मोमीनपुऱ्यातून एक सदस्य घ्यायचा, त्यातली एक तरी बाई. यावर विरोध होणार हे मला माहीत आहे, दोघांनी आधीच सुनावलंय की मग सगळ्याच वस्त्या मागतील. मागू द्या. गावात जेवढ्या वस्त्या तेवढी माणसं मंडळात बसली तर वाचनालयाचं काय नुकसान होतं ते मला कुणीतरी सांगावं.

वहीतली उरलेली पानं : कर्णबधिर दोन भाऊ, त्यांच्याशी बोलायला मला सांकेतिक भाषेच्या खुणा शिकायच्यात, आयएसएलआरटीसी या सांकेतिक भाषेच्या सरकारी संस्थेचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश आहे, त्यातून सुरुवात. वीटभट्टीवर विदर्भातून आलेली कुटुंबं, त्यांच्याकडं रेशन कार्ड इथलं नाही, म्हणजे झेरॉक्सची अट पण बदलावी लागणार. पारधी वस्ती, तिथं अजून मी नुसती दोनदा चहा पिऊन आलेय, कुणी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही. मे महिन्यात परत जायचं.